जुनी शिडाची बोट कुटुंबासाठी तयार करताना: आधी काय, मग काय

जुनी छोटी शिडाची बोट नवीच्या मानाने फार स्वस्तात मिळते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. फायबरग्लास कुजत नाही. त्यामुळे १९५९ साली बाजारात आलेली पिअर्सन ट्रायटन किंवा पुढच्या दोन दशकांतल्या आल्बिन वेगा आणि वेस्टर्ली सेंटॉर या बोटी आजही पाण्यावर दिसतात. म्हातारं होतं ते त्या सांगाड्याला जोडलेलं बाकी सगळं: डोलकाठीच्या तारा, नळ्या, झडपा, वायरी, प्लायवूडच्या भिंती, इंजिन. विकणाऱ्याने नवा रंग मारलेला असतो तो सांगाड्याला.

हा लेख साधारण २४ ते ३२ फुटांच्या फायबरग्लासच्या बोटीबद्दल आहे. दोन मोठी माणसं, एक-दोन मुलं, किनाऱ्याच्या बाजूने दिवसाचा प्रवास आणि अधूनमधून एखादी रात्र, एवढी अपेक्षा धरली आहे. महासागर ओलांडायचा असेल तर यादी यापेक्षा बरीच लांबते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बोट कधीही पूर्ण उसवू नका. बोटयार्डात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या बोटींपैकी बहुतेक खराब म्हणून तिथे नसतात. कोणीतरी उत्साहाने त्यांचं आतलं सगळं एकदम काढून ठेवलेलं असतं. प्रत्येक हंगामात तुमची बोट पाण्यात गेली पाहिजे, भले आतल्या गाद्या फाटक्या असोत. म्हणून कामांचा क्रम असा: आधी पाणी आत येणार नाही हे पाहायचं, मग डोलकाठी पडणार नाही हे, मग आग आणि माणूस पाण्यात पडणं. पडदे, पॉलिश आणि बोटीचं नवं नाव शेवटी.

१. घेण्याआधी: कुठे पाहायचं, कशाला घाबरायचं नाही

बोट पाण्याबाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या आणि हल (बोटीचं बाहेरचं कवच) व डेक (वरचा पृष्ठभाग) इंचाइंचाने ठोकत जा. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक. आवाज बद्द झाला की तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड भिजलंय असं समजा.

तळाला फोड दिसले की नवखे लोक पळ काढतात. ऑस्मोसिसचे (फायबरग्लासमध्ये पाणी मुरल्याने येणारे) हे फोड दिसायला वाईट असतात, पण त्यांनी बोट बुडाल्याचं सहसा ऐकू येत नाही. किंमत पाडून घ्यायला मात्र ते उपयोगी पडतात. खरी भीती वेगळ्या जागी असते:

- कील (तळाखालचा वजनदार पंख) जिथे हलला बोल्टने जोडलेली असते तो सांधा. तिथे पुढच्या टोकाला आडवी चीर किंवा गंजाचे ओघळ दिसले तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- सुकाणू. बोट बाहेर काढून दोन दिवस झाले तरी सुकाणूच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत असेल, तर आतला धातूचा सांगाडा गंजत असण्याची शक्यता आहे.
- डेकवर चालताना पायाखाली दबणारी जागा.
- डोलकाठीच्या तारा ज्या आडव्या प्लायवूड-भिंतींना धरलेल्या असतात त्यांचा वरचा कोपरा. लाकूड काळं पडलं असेल तर टोकदार हत्यार टोचून पाहा. ते लोण्यासारखं आत गेलं तर ते काम मोठं आहे.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच मालकाने ते ‘जरा गरम करून’ ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी परत या. गरम इंजिन सहज सुरू होतं. त्याचं दुखणं कळतं ते गारठ्यात.

सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, तुम्ही स्वतः नेमा. विकणाऱ्याने दाखवलेला तीन वर्षांपूर्वीचा अहवाल वाचायला हरकत नाही, मात्र तो दुसऱ्या माणसाने दुसऱ्या हेतूने करून घेतलेला असतो. माझा कल सांगायचा तर गाद्या मळक्या, लाकूड उन्हाने पांढरं पडलेलं, पण तारा आणि इंजिन अलीकडचं, अशी बोट घ्यावी. वार्निशने चकाकणारी आणि मूळच्याच तारांवर उभी असलेली बोट शेजाऱ्याला घेऊ द्यावी.

आणि एक चाचणी कुटुंबाने मिळून करायची. सगळ्यांनी आत जाऊन एकाच वेळी आपापल्या जागी आडवं व्हायचं. जेवणाचं टेबल मोडून होणारा पलंग रोज रात्री मांडावा लागेल, हे घेण्याआधी कळलेलं बरं.

२. कागदपत्रं

नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे नोंदणी आणि चालकाच्या परवान्याबद्दल तुमच्या सागरी प्रशासनाकडेच विचारा. सगळीकडे लागणारे कागद साधारण हे:

- तुमच्या नावाचं विक्रीखत आणि शक्य तितक्या मागच्या मालकांपर्यंतची विक्रीखतांची साखळी
- नोंदणीपत्र, आणि हलवर कोरलेला क्रमांक असल्यास तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का याची खात्री
- बोटीवर कर्ज किंवा यार्डचं भाडं थकलेलं नाही याचा लेखी पुरावा
- कर भरल्याची पावती
- सर्व्हेचा अहवाल आणि विमा
- व्हीएचएफ रेडिओचा (बोटीवरच्या संपर्क रेडिओचा) परवाना, तो चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि एमएमएसआय क्रमांक (रेडिओवर बोटीची ओळख पटवणारा)
- इंजिन, सुकाणू, स्टोव्ह यांची माहितीपुस्तकं

युरोपात जून १९९८ पासून नव्या बोटींना, त्या किती वाऱ्या-लाटांसाठी बनवल्या आहेत त्यानुसार, ए, बी, सी, डी असे गट मिळू लागले. त्याआधीच्या बोटीवर ती पाटी नसेल तर त्यात संशयास्पद काही नाही.

सापळा आहे तो जुन्या ईपिर्बमध्ये, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणाऱ्या यंत्रात. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवणारं यंत्र कुठेतरी खुंटीला लटकलेलं सापडेल. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती वारंवारिता ऐकत नाहीत. ते यंत्र रीतसर टाकून द्या आणि ४०६ मेगाहर्ट्झचं घ्या. ४०६ चं यंत्र बोटीबरोबर आलेलं असेल तर त्याची नोंद स्वतःच्या नावावर आणि फोनवर करून घ्या. नाहीतर संकटात बचाव केंद्र मागच्या मालकाला फोन लावेल आणि तो घरी निवांत बसलेला असेल.

३. वही आणि तीन रकाने

एक वही करा. बोटीत जे जे बिघडलेलं दिसेल ते तीन रकान्यांत लिहा: ‘बुडवेल’, ‘अडवेल’, ‘खटकेल’. गळकी झडप पहिल्यात, इंजिनची आवाज करणारी पंपाची बेअरिंग दुसऱ्यात, उडालेला रंग तिसऱ्यात. पहिला हिवाळा फक्त पहिल्या रकान्यासाठी राखून ठेवा. खर्चाचा अंदाज काढलात की तेवढीच रक्कम आणखी बाजूला ठेवा. जुन्या बोटीत एक स्क्रू काढायला गेलं की त्यामागची तीन कामं बाहेर येतात.

मग पहिला हंगाम जवळपास फिरा. कुठलं कपाट उघडलं की सामान अंगावर येतं, रात्री कोणाचा पाय कशावर आपटतो, शीड आखूड करायला कोणाला कुठे जावं लागतं, हे यार्डात बसून कळत नाही. लोक केबिनची नवी मांडणी घरच्या कागदावर आखतात आणि पुढच्या वर्षी परत तोडतात.

४. पाण्याच्या रेषेखालची भोकं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. छोट्या बोटीच्या तळाला चार ते आठ भोकं असतात: इंजिनला थंड करणारं पाणी, शौचालयाचं आत-बाहेर, सिंक, कॉकपिटचा (बोट चालवताना बसायच्या उघड्या जागेचा) निचरा, खोली मोजणारं यंत्र. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर सेकंदाला सुमारे एक लिटर पाणी आत येतं. म्हणजे तासाला साडेतीन हजार लिटर. बिल्ज पंपावर (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर) छापलेला आकडा पाणी वर न चढवता, पूर्ण दाबाच्या विजेवर मोजलेला असतो. बोटीत बसवल्यावर तो बराच खाली येतो. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो झडपांवर. पंप ही नंतरची गोष्ट.

प्रत्येक सीकॉक (तळाच्या भोकावरची झडप) हाताने उघडून-मिटून पाहा. अडकलेला असेल तर बोट बाहेर असतानाच खोला. साध्या पितळेची झडप खाऱ्या पाण्यात आपलं जस्त गमावते आणि वरून ठीक दिसत असतानाच आतून भुसभुशीत होते. चाकूने थोडं खरवडा. पिवळा रंग दिसला तर बरं. गुलाबीसर तांबूस दिसला तर ती झडप गेली. बदलताना कांसं, जस्त न गमावणारं खास पितळ, किंवा काचतंतू घातलेलं नायलॉन यांतलं काहीतरी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी घरगुती बॉल व्हॉल्व्ह बोटीच्या तळाला लावू नका, ती कितीही चकचकीत दिसो.

नळ्यांना दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या दोन-दोन पट्ट्या, तेवढी लांबी बसत असेल तर. पट्टीचा स्क्रूसुद्धा स्टेनलेसचाच आहे ना हे चुंबकाने तपासा. प्रत्येक झडपेला मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा. ते हत्यारांच्या पेटीत असेल तर अंधारात, गुडघाभर पाण्यात शोधावं लागेल.

शौचालयाची नळी विसरू नका. शौचालयाचं भांडं पाण्याच्या रेषेच्या खाली असेल तर एकदा सुरू झालेला सायफन आपोआप थांबत नाही, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटी यामुळेही बुडतात. नळी उंच नेऊन तिच्या माथ्यावर हवेची झडप असलेला वाक बसवा. बोट कललेली असतानाही तो वाक पाण्याच्या वर राहिला पाहिजे. मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट हीच, की वापर झाला की झडप बंद. त्याचं चित्र काढून दारावर चिकटवा.

५. डेकची गळती

बहुतेक डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं. पाणी आत जातं ते डेकमधून नव्हे, तर डेकवर बसवलेल्या वस्तूंच्या बोल्टांच्या भोकांतून. आत एकदा शिरलं की ते भलतीकडे पसरतं, म्हणून गळणारी जागा आणि भिजलेली जागा क्वचितच एक असते.

वरून सिलिकॉन फासणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. सिलिकॉन काही काळाने सुटतं, आणि जाताना अशी बुळबुळीत साय मागे ठेवतं की पुढचं कुठलंच रसायन तिथे धरत नाही. नीट काम असं करतात: वस्तू काढा, भोक मोठं करा, कडेचं ओलं लाकूड खरवडून काढा, वाळू द्या, मग पूड मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून पक्कं होणारं रेझिन) भरा. ते पक्कं झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. आता पाणी झिरपलं तरी लाकडाला शिवणार नाही. बसवताना ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) उत्तम. पॉलियुरेथेनचे कायमचे चिकटवणारे सीलंट कीलसारख्या जागांसाठी ठेवा, कारण त्याने बसवलेली वस्तू परत काढताना डेकचा तुकडा हातात येतो.

इपॉक्सी जुन्या पॉलिस्टरवर (बोटीच्या फायबरग्लासमधलं मूळ रेझिन) चांगलं धरतं. पॉलिस्टर मात्र इपॉक्सीवर नीट धरत नाही, हा क्रम उलटा करू नका. पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरबरीत कापडाने धुवा, मगच घासा. घासूनच काढायला गेलात तर तो आत रगडला जातो.

खिडक्यांचं ॲक्रिलिक तापलं की पसरतं. भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवा आणि फार आवळू नका, नाहीतर कडेपासून बारीक तडे जातात. पॉलिसल्फाइड सीलंट ॲक्रिलिकला लावायचं नाही.

तळाचा जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या अँटिफाउलिंगच्या (शेवाळ-शिंपले धरू न देणाऱ्या रंगाच्या) थरांत टीबीटी हे विषारी कथिलयुक्त रसायन असू शकतं. त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाली आणि तुमची बोट त्याच्या कितीतरी आधीची आहे. पाणी मारत घासा, मुखवटा घाला, खाली अंथरलेलं प्लास्टिक गोळा करा आणि मुलांना त्या दिवशी यार्डात आणू नका.

६. डोलकाठी आणि तिच्या तारा

अल्युमिनियमची डोलकाठी दीर्घकाळ टिकते. तिला उभ्या ठेवणाऱ्या स्टेनलेसच्या तारा तेवढ्या टिकत नाहीत. साधारण दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असं मानलं जातं आणि विमा कंपन्याही बहुधा तसंच विचारतात. तारांचं वय कोणालाच सांगता येत नसेल तर त्या जुन्या समजून चला.

तार बहुतेक वेळा मधे तुटत नाही. ती तुटते टोकाला, जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते. भिंग घेऊन त्या नळीवर उभ्या बारीक चिरा दिसतात का पाहा. हातावर कागदी रुमाल गुंडाळून तारेवरून फिरवा. धागा अडकला तर एखादा पदर तुटलेला आहे. एक पदर तुटला की ती तार बदलायची, ‘हा हंगाम निघेल’ म्हणायचं नाही.

चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बाहेर काढूनच पाहाव्या लागतात. स्टेनलेसला गंजापासून वाचायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत, ओल्या सीलंटमध्ये गुरफटलेल्या भागाला तो मिळत नाही आणि नेमका तिथेच धातू आतून खाल्ला जातो. वर आणि खाली आरशासारखी चमक, मधल्या दोन सेंटिमीटरांत करवतीने कापल्यासारखी खाच, असं दृश्य काही विरळ नाही.

डोलकाठी उतरवलेली असेल तर त्याच खेपेत माथ्यावरचे दिवे, रेडिओची केबल आणि कप्प्या बदलून घ्या. क्रेनचं भाडं परत लागणार नाही. अल्युमिनियमवर स्टेनलेसचा स्क्रू बसवताना मधे गंजरोधक पेस्ट हवीच.

शिडांबद्दल थोडक्यात: कापड मऊ झालं तरी फिरायला चालतं, शिवण सुटलेली चालत नाही. नखाने शिवण खरवडा. उन्हाने जळलेला धागा तुटून येतो. शिवण परत घालून घेणं नव्या शिडापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मुख्य शिडाला निदान दोन रीफ (शीड आखूड करायच्या पायऱ्या) असावेत, माझं मत तीन.

७. इंजिन

बंदरात शिरताना, भरतीच्या प्रवाहाविरुद्ध, वारा पडल्यावर मुलं कंटाळली की इंजिनच लागतं. छोटं डिझेल इंजिन चिवट असतं आणि बहुधा तीन गोष्टींनी बंद पडतं: घाण डिझेल, थांबलेलं थंड पाणी, सैल वायर.

टाकीचं झाकण काढून तळाशी साचलेलं पाणी आणि काळा चिखल साफ करा. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, आणि समुद्र खवळला की तो सगळा गाळ फिल्टरकडे धावतो. म्हणजे इंजिन नेमकं सगळ्यात वाईट वेळी थांबतं. पाणी वेगळं करणारा पारदर्शक तळाचा फिल्टर बसवा. रबरी इम्पेलर (थंड पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) दर हंगामाला बदला आणि जुन्याची पाती मोजून पाहा. त्याचं पातं तुटून हरवलं असेल तर ते पुढच्या नळीत अडकलेलं आहे, ते शोधायचंच. धूर जिथे पाण्यात मिसळतो तो वाकडा पाइप काजळीने चोंदतो. इंजिन पूर्ण वेग घेत नसेल तर आधी तो काढून पाहा.

पांढरा धूर, काळा धूर, निळा धूर यांवर खूप चर्चा ऐकाल. निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, एवढं नवख्याला पुरे. खाली सेलड्राइव्ह (इंजिनपासून तळातून सरळ खाली पंख्यापर्यंत जाणारा भाग) असेल तर त्याचा मोठा रबरी पडदा कधी बदलला ते विचारा. व्होल्वो पेंटा सात वर्षांनी बदलायला सांगते, आणि त्यासाठी इंजिन हलवावं लागतं.

८. वीज

जुन्या बोटीत प्रत्येक मालकाने आपापल्या वायरी टाकलेल्या असतात आणि कोणीही जुन्या काढलेल्या नसतात. दुसऱ्या टोकाला काही नसलेली प्रत्येक वायर आधी काढून टाका. नवी टाकाल ती कल्हई केलेल्या तांब्याची, अनेक पदरी. घरातली एकपदरी वायर हेलकाव्यांनी मोडते. टोकं क्रिम्प करा (हत्याराने दाबून बसवा), नुसत्या डाखावर विसंबू नका. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, १८ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज इंजिनला जपत नाही, तो वायर पेटू देत नाही.

बॅटरी घेण्याआधी दिवसाचा हिशेब मांडा. फ्रिज नसलेल्या छोट्या बोटीला एलईडी दिवे, रेडिओ, प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा), फोन मिळून दिवसाला २५-३० ॲम्पिअर-तास पुरतात. फ्रिज आला की त्यात आणखी ३०-५० ची भर. शिसे-आम्लाची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असते. लिथियम लोह फॉस्फेटची जास्त वापरता येते. मात्र ती अधाशासारखी चार्ज होते आणि जुना अल्टरनेटर (इंजिनवरचं वीज बनवणारं यंत्र) त्यात जळू शकतो, म्हणून मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. इंजिन सुरू करायची बॅटरी कायम वेगळी ठेवा.

९. गॅस आणि आग

गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकीतून जाईल, बोटीत तो तळाच्या खळग्यात उतरून साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर केबिनपासून पूर्ण बंद असलेल्या कप्प्यात हवा, आणि त्या कप्प्याच्या तळातून थेट बाहेर, पाण्याच्या रेषेच्या वर उघडणारी निचरा-नळी हवी. केबिनमधल्या बाकाखाली सिलिंडर असेल तर ते काम वहीच्या पहिल्या रकान्यात.

गळती तपासायला रेग्युलेटरच्या आधी दाबमापक बसवा. स्टोव्ह बंद, सिलिंडर उघडा, परत बंद करा आणि काटा तीन मिनिटं पाहा. तो जागचा हलला तर साबणाच्या पाण्याने सांधे शोधा. काडी पेटवून शोधणारे लोक अजून आहेत. रबरी नळीवरची तारीख वाचा. गॅस शोधक खाली, तळाजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा झोपायच्या जागेजवळ. आग विझवायचं यंत्र स्टोव्हच्या मागे लावू नका, ते घ्यायला आगीवरून हात न्यावा लागेल अशी जागा नको.

१०. कुटुंबाची बोट म्हणजे एकट्याने चालवायची बोट

हे नव्यांना उशिरा उमगतं. दोन मोठी माणसं असली तरी एक जण मुलांजवळ असतो: कोणाला बोट लागलेली असते, कोणाला भूक, कोणाला शू. म्हणजे शीड आखूड करणं, वळणं, नांगर टाकणं हे एकट्याला जमलं पाहिजे. त्यासाठी बोटीत बदल करा. रीफच्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत आणा, पुढचं शीड गुंडाळणारं फर्लर बसवा आणि टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) धरणारा छोटा ऑटोपायलट घ्या. तुमच्या यादीतल्या चैनीच्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा ऑटोपायलट आधी.

मग अवघड प्रश्न. दोघांपैकी जड माणूस पाण्यात पडला, तर हलका माणूस त्याला वर कसा घेणार? ओले कपडे घातलेल्या माणसाला हातांनी कठड्यावरून ओढणं अशक्य असतं. एकास चार किंवा एकास सहा फायदा देणारी कप्प्यांची जोडणी तयार ठेवा, ती हॅलयार्डला (शीड वर ओढायच्या दोराला) अडकवायची. पाण्यातून हाताला लागेल अशी शिडी लावा. हे शांत पाण्यात, उन्हाळ्यात, खरंच कोणीतरी पाण्यात उतरून करून पाहा.

मुलांसाठी:

- लाइफ जॅकेट वजनाच्या मापाचं, ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठं नको. पायांमधून जाणारा पट्टा लागतोच, तो नसेल तर जॅकेट वर जातं आणि मूल खाली. लहानग्यांना फोमचं आणि मान वर धरणारं, १०० न्यूटन किंवा जास्त.
- कठड्याच्या तारा निदान ६० सेंटिमीटर उंच आणि त्यांना घट्ट विणलेली जाळी. जाळीमुळे खेळणी वाचतात आणि धावतं मूल अडतं, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.
- कॉकपिटमध्ये मुलाच्या हार्नेससाठी पक्की, बोल्टने बसवलेली कडी. आखूड दोर, कठड्यापर्यंत पोचणार नाही एवढाच.
- प्रत्येकाला स्वतःचा बंक (झोपायची जागा), स्वतःचा दिवा आणि एक कप्पा जो इतर कोणी उघडणार नाही. बंकला कापडी आड लावली की बोट कलली तरी मूल खाली पडत नाही.

बोट लागते ती टोकाकडच्या बंकमध्ये जास्त, मधोमध कमी. आजारी मुलाला बाहेर बसवा किंवा मधल्या बंकवर आडवं करा. आत बसून चित्रं काढायला सांगू नका.

पाण्याच्या रेषेवर २४ फूट लांब असलेल्या बोटीचा वेग साडेसहा नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास अडतो आणि सरासरी साडेचार धरावी. मुलांसह दिवसाला २०-२५ सागरी मैल पुष्कळ झाले. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज चार लिटर, वर राखीव वेगळ्या कॅनमध्ये, कारण एकाच टाकीत सगळं ठेवलं तर एका फुटक्या नळीने ते सगळं जातं.

११. नांगर

झोप लागायची असेल तर इथे काटकसर नको. बोटीबरोबर बहुधा सीक्यूआर, म्हणजे शेतातल्या नांगराच्या फाळाच्या आकाराचा, नांगर येतो. १९३३ साली पेटंट घेतलेला हा नांगर प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी शोधला आणि दशकानुदशकं लोकांनी त्यावर रात्री काढल्या. आजचे रुतणाऱ्या, खोलगट पात्याचे नांगर मात्र वाळूत लवकर आणि जास्त घट्ट धरतात. तो बदल पैसा वसूल करणारा आहे.

साखळीचा हिशेब नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) उंचीसकट आणि भरती धरून करा. पाणी ५ मीटर, नाळ १ मीटर, भरतीने २ मीटर वाढ, म्हणजे ८. त्याच्या पाचपट, ४० मीटर साखळी सोडा. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, त्यामुळे ५० मीटर म्हणजे ७० किलो वजन बोटीच्या पुढच्या टोकात. छोट्या बोटीत ३० मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर ही वाटणी सोयीची. शेवटचं टोक बोटीला दोरीनेच बांधा, म्हणजे गरज पडली तर चाकूने तोडता येतं.

१२. हत्यारं आणि सामान

- सॉकेट आणि स्पॅनरचा संच, मेट्रिक आणि इंची दोन्ही. बोट कुठली आहे यावरून एकच पुरेल असं वाटतं, पुरत नाही.
- क्रिम्प करायचा रॅचेट पाना, मल्टिमीटर
- बॅटरीवर चालणारं ड्रिल, फिरती सँडर, तिला जोडायचा व्हॅक्यूम
- इपॉक्सी, काचकापड, घट्ट करायची पूड, हातमोजे भरपूर
- रसायनांसाठीचा मुखवटा. दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटसाठी साधा मुखवटा पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. ब्रश आणि रोलरने लावा.
- कपाळाला बांधायचा दिवा, आरसा, चुंबक, भिंग
- डब्यांवर चिकटवायच्या पट्ट्या आणि पेन. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच दिवशी पिशवीत आणि पिशवीवर नाव.

१३. पाण्यात उतरवण्याचा दिवस

क्रेनचे पट्टे सोडण्याआधी आत उतरा. प्रत्येक झडपेवर टॉर्च मारा, कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर बोट परत वर घ्यायला सांगा. यार्डवाला कुरकुरला तरी चालेल. मग इंजिन सुरू करून मागून पाणी बाहेर पडतंय ना पाहा, आणि दोन तासांनी, रात्री झोपण्याआधी, सकाळी उठल्यावर परत तळ तपासा.

पहिली सफर मुलांशिवाय करा, मध्यम वाऱ्यात. एका बाजूला अर्धा तास, मग दुसऱ्या बाजूला अर्धा तास. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूच्या तारा किंचित ढिल्या होतात ते ठीक, लोंबकळायला लागल्या तर रिगरकडून (तारांचं काम करणाऱ्याकडून) ताण लावून घ्या. इंजिन पूर्ण वेगाने पंधरा मिनिटं चालवा आणि तापमान वहीत लिहा. शीड असतील तेवढ्या सगळ्या रीफवर नेऊन परत उघडा, बंदरात नव्हे, बाहेर. एक रात्र जवळच्या आडोशाला नांगरावर काढा. यातून पुढच्या आठवड्याची नवी यादी निघेल. तिच्यातलं ‘बुडवेल’च्या रकान्यातलं सगळं संपलं की मुलांना घेऊन या, आणि त्यांच्या पहिल्या फेरीला दोन तासांपेक्षा जास्त लांबवू नका.